हातचा

वॉर्डाच्या दारातल्या वहीत एक रकाना आहे : पेशंटशी नातं.
पहिल्या दिवशी मी लिहिलं, मानलेला भाऊ.
दुसऱ्या दिवशी, शेजारी.
तिसऱ्या दिवशी वॉचमनच म्हणाला,
पंडित लिहा ना काका,
तुम्ही त्या बाईजवळ बसून काही उलटं वाचून राहिले.

उलटं नाही, उजवीकडून.
आणि मी पंडित नाही, हज्जानही नाही.
अजनीला पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं
लोकांच्या गाठोड्यांवरचे पत्ते तपासले, इतकंच.
पण नागपुरात आमची घरं उरली तीन
आणि ती अक्षरं लावता येणारा मी एकटा.

सिफोरा बामणोलकर. रेल्वेच्या शाळेत गणित शिकवायची.
आजाऱ्यासाठी मागायचं तर आमच्यात बापाचं नाव चालत नाही,
आईचं लागतं.
केसपेपरवर नवरा होता, बाप होता, आधारचा नंबर होता,
आई कुठेच नव्हती.
विचारलं तर म्हणाली, सगळे नानीबाईच म्हणायचे.
दोन दिवसांनी, सलाईन बदलताना, एकदम :
"केझिया. दगडावर कोरणाऱ्याने चुकवलं होतं, म्हणून आठवलं."
मग मी वर, किंवा जिकडे कुठे ऐकलं जात असेल तिकडे,
पूर्ण नाव सांगितलं :
केझियाची मुलगी सिफोरा.
तिने मान वळवली,
कोणी हजेरी घेत असल्यासारखी.

भेटायला येणारा
दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो म्हणतात.
"कशाचा साठावा?" तिने लगेच पकडलं.
"मूळच्या दुखण्याचा, की उरलेल्याचा?
उरलेल्याचा असेल तर, पार्सलबाबू,
साठ हजार आले तरी शून्य व्हायचं नाही."
म्हटलं, साठ माणसं तरी आणू कुठून?
"मोजायला तर लागा."

आली.
कूलरवाला इरफान, ज्याला तिने त्रैराशिक शिकवलं होतं.
शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून मंदा, अर्धा कप चहा घेऊन.
सिस्टर वासनिक म्हणाली, मला धरू नका, माझी ड्यूटी आहे,
आणि ड्यूटी संपल्यावर येऊन बसली.
सिफोरा चादरीच्या काठावर बोटाने हिशेब ठेवायची.
एकतिसाव्याला म्हणाली,
"रुपयातले एकोणसाठ पैसे अजून बाकी."
दुखत होतं तिला. तरी हसली.

एका संध्याकाळी मलिदा केला :
भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं,
आणि मे महिना, त्यामुळे कोल्ड स्टोरेजमधलं एक सुकं संत्रं.
एलियाहू नबीचं नाव घेतलं.
तिला गिळता येत नव्हतं. ताट नाकाशी धरलं.
"नागपुरात राहून पोह्यांवर तर्री नाही?"
नबी आला असेल तर त्याचाही साठावा धरायचा का,
हे विचारायचं राहून गेलं.

गेली ती रविवारी पहाटे.

कद्दीशला दहा पुरुष लागतात. आम्ही चार.
इरफान, वॉचमन, मंदाचा नवरा, तिचे तीन जुने विद्यार्थी
आमच्या शेजारी येऊन उभे राहिले, अगदी दहा.
पण असं मोजत नाहीत.
तिनेच लाल पेनने काट मारली असती.
मी कद्दीश म्हटलं नाही.
एकट्याला म्हणता येतं तेवढंच म्हटलं, अडखळत.
इरफान आमीन म्हणाला, त्याच्यामागे बाकीचे,
आणि जागा बरोबर होती.

आशा कशाला म्हणतात मला सांगता येणार नाही.
ती बरी झाली नाही.
वर्गात ओरडायची म्हणे, "हातचा विसरू नका रे!"
इरफान सांगतो. पुढच्या घरात न्यायचाच असतो तो.

काल परत वॉर्डात गेलो.
नात्याच्या रकान्यात लिहिलं, साठावा.
वॉचमनने वाचलं, काही बोलला नाही.
मंदाच्या सासूच्या खाटेशी स्टूल ओढलं.
म्हटलं, तुमच्या आईचं नाव काय होतं?
ती बोळकं तोंड उघडून बघतच राहिली.
"हे त आजवर कोनी पुसलंच नाही.
थांब बाप्पा. आठवू दे."